जेजुरीच्या उन्हात वन पॉइंट फोर

जेजुरीला नवं जोडपं दुपारच्या आत सहसा पोचत नाही. आदल्या दिवशी लग्न लागलेलं असतं, घरात रात्री कुणी धड झोपलेलं नसतं. सकाळी मुक्कामी पाहुण्यांचे चहा-पोहे, मग कोण कुठल्या गाडीत बसणार यावर खल. दिवे घाट चढून सासवड मागे टाकेपर्यंत कुणाला तरी उसाचा रस आठवतो. गडाच्या पायथ्याशी गाड्या लागतात तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि वऱ्हाडाला त्याचं काहीच वाटत नाही. देवाला जायचं तर ऊन काय बघायचं! लग्नाचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे या वऱ्हाडाबरोबर मीही पायऱ्या चढते. कॅमेऱ्याला पन्नास मिलिमीटरची लेन्स असते आणि तिचं उजेड आत घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ १.४ वर, म्हणजे तिला जितकं उघडता येतं तितकं उघडं.

भर उन्हात लेन्स एवढी उघडी ठेवणं बरोबरीच्या बऱ्याच फोटोग्राफरांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं मुळीच नाही. अशा लेन्स कमी उजेडासाठी घ्यायच्या असतात. कार्यालयातल्या मंद दिव्यांसाठी, जागरण-गोंधळाच्या रात्रीसाठी, दिवटीच्या ज्योतीसाठी. उन्हात एफ ८ लावावं (आकडा मोठा तेवढं भोक बारीक), सगळं शार्प येतं, घरचे खूश. नाहीतर जोडप्याला सकाळी साडेसहाला नाहीतर संध्याकाळी सहाला बोलवावं. पण खंडोबाला निघालेलं घर माझ्या घड्याळानं का निघेल? शिवाय मला मनापासून दुपारचीच जेजुरी हवी असते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गड सुंदर दिसतो हे खरंच आहे. पण त्या वेळी सगळंच सोनेरी होऊन बसतं, पायऱ्या, दीपमाळा, माणसं, नारळाच्या टोपल्या. दुपारच्या पांढऱ्या उन्हात दगड दगडाच्याच रंगाचा राहतो आणि भंडारा एकटा पिवळा असतो.

आता थोडा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फिल्मच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद यायचा. त्यावर छापलेलं असायचं की स्वच्छ ऊन असेल तर एफ १६ लावा आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं ठेवा. शंभरची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा कॅमेऱ्यात त्याच्या जवळ असेल तो एकशे पंचविसावा. जुन्या स्टुडिओवाल्यांना हे इतकं पाठ असायचं की ते मीटरकडे बघायचेसुद्धा नाहीत. नियम साधा आहे आणि जगभर चालतो, कारण निरभ्र आकाशातलं भर दुपारचं ऊन कुठेही गेलं तरी साधारण तेवढंच, लाखभर लक्सच्या घरात.

आता १६ वरून १.४ पर्यंत या. ११, ८, ५.६, ४, २.८, २, १.४. सात स्टॉप झाले. दर स्टॉपला आत येणारा उजेड दुप्पट, म्हणजे सात स्टॉपना १२८ पट. तेवढं शटर वेगवान करायचं तर सेकंदाचा साधारण १२,८०० वा भाग हवा. माझ्या कॅमेऱ्याचं पडद्याचं शटर १/८००० ला संपतं. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांचं तिथेच संपतं.

आणि हा १/८००० चा आकडासुद्धा आपल्याला फार उशिरा मिळाला. पेंटॅक्स के-१००० वर कितीतरी लोक फोटोग्राफी शिकले. त्याचं सगळ्यात वेगवान शटर १/१००० होतं. निकॉनचा एफएम-२ १९८२ साली १/४००० घेऊन आला तेव्हा ती मोठी गोष्ट होती, आणि १/८००० यायला १९८८ उजाडलं. लायकाची नॉक्टिलक्स ही एफ १.२ ची लेन्स १९६६ ची. त्या काळातल्या लायकांचं शटर १/१००० च्या पुढे जात नव्हतं. म्हणजे ती लेन्स दुपारी बाराला पूर्ण उघडावी असं कुणाच्या मनात आलं असतं तरी साध्या फिल्मवर फोटो पांढराफटक आला असता. लेन्सपुढे काळी काच लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

काळी काच म्हणजे एनडी फिल्टर. रंगाला हात न लावता फक्त उजेड कमी करणारी काच. तीन स्टॉपची, सहा स्टॉपची, धबधब्याचं पाणी दुधासारखं करणाऱ्यांची दहा स्टॉपची. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक शटरचा. त्यात पडदा हलतच नाही, सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत वेग १/३२,००० पर्यंत नेता येतो. पण ओळीओळीनं वाचताना वेळ जातो. वाघ्याची दिमडी वाजवणारी बोटं, मुरळीच्या हातातली घाटी, झटक्यात वळलेली मान अशा गोष्टी तिरक्या होऊन येतात. २०२३ साली सोनीनं सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा कॅमेरा काढला, त्याचा वेग १/८०,००० पर्यंत जातो. म्हणजे उन्हाचा प्रश्न आता यंत्रापुरता सुटलेलाच आहे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ५० वर नेण्याचा एक मार्ग लोक सुचवतात, त्यापासून मी लांबच राहते. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो आकडा खरा नसतो. सेन्सर असतो तसाच राहतो, त्याच्यावर जास्त उजेड पडतो आणि नंतर चित्र गडद केलं जातं. त्यात आधी बळी जातो तो उजळ भागांचा, आणि जेजुरीत उजळ भाग म्हणजे भंडारा.

भंडाऱ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

हळदीची पूड मुठीतून वर उधळली की आधी एक घट्ट गोळा वर जातो, तिथे तो फुटतो, आणि मग सावकाश खाली उतरत पसरतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. एफ ८ ला हा पिवळा ढग नुसता ढग दिसतो, मागची कमान झाकणारा धूर. एफ १.४ ला त्याचे दोन भाग होतात. ज्या चेहऱ्यावर फोकस आहे त्याच्या आसपासचे कण कणच राहतात, एकेक मोजून घ्यावा असे. त्याच्या पुढचे आणि मागचे कण फुगतात आणि गोल होतात. हे गोल म्हणजे लेन्सच्या भोकाचंच चित्र. पन्नासच्या लेन्सला एफ १.४ वर ते भोक साधारण छत्तीस मिलिमीटरचं असतं. माणूस दीड मीटरवर असेल आणि एखादा कण त्याच्या नि माझ्या बरोबर मध्ये तरंगत असेल, तर त्या कणाचं वर्तुळ चेहऱ्यावर छत्तीस मिलिमीटर जागा व्यापतं. म्हणजे जवळपास एक डोळा झाकला जातो. पण ते पारदर्शक असतं. एवढासा कण एवढ्या मोठ्या वर्तुळात पसरला की त्याचा रंग इतका पातळ होतो की आरपार डोळा दिसत राहतो, हळदीच्या झाकेखालून. अशी पाच-सहा वर्तुळं एकमेकांवर आली की जे होतं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गानं होत नाही. संगणकावर तर नाहीच. फ्रेमच्या कडेला हीच वर्तुळं बदामासारखी निमुळती होतात, कारण तिरप्या किरणांना लेन्सची नळी थोडी आड येते. काहींना हा दोष वाटतो. मला त्या निमुळत्या वर्तुळांमुळे सगळा भंडारा मधल्या माणसाभोवती फेर धरून फिरतोय असं दिसतं आणि ते आवडतं.

यात शटरचा वेग काय असावा, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कितीतरी जण एनडी फिल्टर आणि वेगवान शटर यांना एकाच कामाची दोन हत्यारं समजतात. उजेडापुरतं ते बरोबर आहे. पण मुठीतून सुटलेला भंडारा सेकंदाला पाच मीटर वेगानं हलतोय असं धरा. १/८००० ला तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे हवेत खिळून राहतो. तीन स्टॉपची काच लावली तर शटर १/१६०० च्या आसपास येतं आणि कण तीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे त्याला एक बारीकशी शेपटी फुटते. सहा स्टॉपची लावली तर १/२०० आणि सरळ अडीच सेंटिमीटरची रेघ. खिळून राहिलेला भंडारा सुंदर असतो पण तो कुणी उधळलाय हे त्यातून कळत नाही. तो वर चाललाय की खाली येतोय तेही कळत नाही. रेघा आल्या की कळतं. कोणत्या हातातून आला, जोर किती होता, वारा कुठून होता. त्यामुळे मी १/८००० उपलब्ध असूनही तीन स्टॉपची काच लावते. चेहरा स्थिर राहतो आणि भंडाऱ्याला दिशा मिळते. १/८०,००० वाला कॅमेरा उद्या माझ्या हातात कुणी आणून ठेवला तरी ही काच मी काढणार नाही.

काचेचा एक उपयोग असाही की भंडारा लेन्सवर न बसता तिच्यावर बसतो. गडावर लेन्स बदलायची नाही, हा माझा नियम मी बरोबर येणाऱ्या प्रत्येक मुलाला घरून निघतानाच सांगते. हळद सेन्सरवर गेली की पुढचे सगळे फोटो ठिपक्यांचे. जी लेन्स पायथ्याशी लावली तीच खाली उतरेपर्यंत. उघडी लेन्स सूर्याकडे धरून ठेवायची नाही, हा दुसरा नियम. छत्तीस मिलिमीटरचं भिंग उन्हात कागद पेटवू शकतं, आणि आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात त्या कागदाच्या जागी सेन्सर किंवा शटरचा पडदा असतो. जुन्या लायकांच्या कापडी पडद्यांना अशीच भोकं पडायची. फोटो काढून झाला की कॅमेरा खाली, लेन्स जमिनीकडे.

बुबुळाची गोष्ट मला फार नंतर कळली, आणि कळल्यावर या सगळ्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. आतला पडदा तपासायचा म्हणून माझेही डोळे तपासून घेतले. थेंब घातले, अर्धा तास डोळे मिटून बसवलं, तपासलं, आणि दुपारी दोनच्या उन्हात आम्हा दोघींना बाहेर सोडलं. बाहेर जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. ऊन नुसतं प्रखर नव्हतं, त्याला फुगवटा आला होता. गाड्यांच्या काचांवरची चमक पसरून शेजारच्या गोष्टींवर सांडत होती. हातातली पावती वाचता येत नव्हती. समोरून रस्ता ओलांडणारा माणूस मात्र अंतरावर असल्यामुळे ठीक दिसत होता, आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला उजेडाची कड होती. मी रिक्षाच्या आडोशाला उभी राहिले आणि ओळखलं, हे तर माझे फोटो आहेत.

उन्हात आपली बाहुली आक्रसून दोनेक मिलिमीटरची होते. अंधारात तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत उघडते. बाहुली बारीक असते म्हणून दुपारी आपल्याला जवळचं-लांबचं पुष्कळसं एकदम नीट दिसतं. एफ ८ चं चित्र साधारण तसंच असतं, म्हणून ते ओळखीचं वाटतं. थेंबांनी बाहुली रात्रीइतकी उघडली जाते, जवळचं बघायचा स्नायूही सैलावतो, आणि त्या उघड्या बाहुलीनं आपण भर दुपार बघतो. एरवी शरीर हे कधीच होऊ देत नाही. रात्रीच्या डोळ्यांनी दुपार बघण्याची सोय निसर्गात नाही, ती लेन्समध्ये आहे. माझ्या लेन्सचं भोक दुपारच्या बाहुलीच्या अठरा पट रुंद आहे, क्षेत्रफळानं तीनशे पटींहून जास्त. एवढ्या मोठ्या डोळ्यानं ऊन पाहिलेला प्राणी मला तरी ठाऊक नाही. उघड्या लेन्सचा दुपारचा फोटो थोडा अवास्तव, थोडा भारल्यासारखा का दिसतो याचं कारण मला त्या रिक्षाशेजारी सापडलं. तेव्हापासून त्याच्यावर मी जास्तच विश्वास टाकते.

उघडी लेन्स अंधारासाठी असते हे म्हणणं इतिहासालाही पूर्ण धरून नाही. जोसेफ पेट्झवालनं व्हिएन्नात १८४० साली जी पोर्ट्रेट लेन्स गणितानं बांधली, ती एफ ३.६ च्या आसपासची होती. त्या काळाच्या मानानं हा प्रचंड मोठा डोळा. आणि ती बनवली होती दिवसाच्या उजेडासाठीच. फिल्मच्या आधी चित्र ज्यांच्यावर उमटायचं त्या प्लेटी इतक्या मंद होत्या की उन्हात बसवलेल्या माणसालाही मिनिट-मिनिट पुतळा होऊन राहावं लागायचं, मानेला मागून लोखंडी आधार लावून. पेट्झवालच्या लेन्सनं तो वेळ कितीतरी कमी केला. त्या पहिल्या चित्रांमध्ये डोळे शार्प आणि कान पुसट दिसतात ते हौस म्हणून नव्हे. दुसरा इलाज नव्हता.

त्या नाइलाजाची निवड केली ज्यूलिया मार्गारेट कॅमरननं. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. पहिला कॅमेरा हातात आला १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीनं आणि जावयानं भेट दिलेला. मोठ्या प्लेटी, उघडी लेन्स, मोठमोठे चेहरे, आणि फोकस तिला सुंदर वाटेल तिथे. त्या वेळच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला या पुसटपणावरून पुष्कळ सुनावलं. तिनं १८६४ साली शास्त्रज्ञ जॉन हर्शेलना पत्रात उलट विचारलं की योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कुणाला आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करून वर्षभरात एवढा ठाम प्रश्न विचारणारी बाई मला फार जवळची वाटते. पुढे काळ उलटा फिरला. १९३२ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि त्यांच्या मित्रांनी एक गट केला आणि त्याला नावच एफ ६४ दिलं. पायाखालच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं सारखं स्पष्ट हवं. ती चित्रं मला आवडतात, कारण ती जागेची चित्रं आहेत. कऱ्हेच्या पात्राचा किंवा कडेपठारावरून दिसणाऱ्या गावाचा फोटो काढायचा तर मीही एफ ११ वर जाते. जागेला सगळंच सांगायचं असतं. माणूस बघताना आपण सगळं बघत नाही.

नवऱ्यानं नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढायच्या, ही जेजुरीची रीत. मोबाइल घेतलेले चुलतभाऊ, आत्या, मावश्या सगळे त्या एका क्षणासाठी दाटी करतात. मला दीड मीटरवर जागा मिळाली तर नशीब. दीड मीटरवर पन्नासच्या लेन्सला एफ १.४ वर जी जागा शार्प राहते तिची खोली साडेसात सेंटिमीटर. उचललेल्या नवरीचा चेहरा आणि नवऱ्याचा चेहरा यांत त्याहून जास्त अंतर असतं. म्हणजे एकच चेहरा निवडावा लागतो, आणि तोही ते दोघं हलत असताना, भंडारा उडत असताना, कॅमेऱ्याचा ऑटोफोकस मधल्याच एखाद्या कणाकडे धावत असताना. एफ ५.६ वर गेलं की खोली तीस सेंटिमीटर होते, दोघंही येतात, प्रश्नच मिटतो. तसा एक फोटो मी काढतेच, तो घरच्यांचा हक्क आहे. पण माझा फोटो तो नव्हे. तो सगळं दाखवतो, पण मी त्या क्षणी कुणाकडे बघत होते ते दाखवत नाही.

सासवडजवळच्या एका घरातल्या आत्याबाईंनी अल्बम बघताना बोट ठेवून मला विचारलं होतं, "ताई, पोरीचं त्वांड कसं कोरल्यावानी आलंय. आमच्या पोरानं काय घोडं मारलंय? त्याचंच आसं पुसाट का?"

मी म्हटलं, "आत्या, तो तिच्याकडेच बघतोय ना. म्हणून मीपण तिकडंच बघितलं."

त्या थोडा वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग ती बघती त्याच्याकडं, आसा बी यक आसंल की."

होता. ती मान मागे टाकून त्याच्याकडे बघत हसत होती, तिचा चेहरा पुसट, त्याच्या कपाळावरचा मळवट आणि घामाचे थेंब स्वच्छ. तो मी शेजारच्या पानावर लावून दिला. आत्याबाईंनी जे मागितलं ते इतकं बरोबर होतं की तेव्हापासून मी प्रत्येक जोडप्याचे हे दोन्ही फोटो काढायचा प्रयत्न करते. पाच पायऱ्यांत दोनदा फोकस बदलायचा म्हणजे घाईच होते, पण जमतं.

"बॅकग्राउंड उडवा" ही मागणी मला वारंवार येते आणि तिच्याशी माझं भांडण आहे. प्री-वेडिंगवाल्या मुलामुलींना मागे काहीच नको असतं. मग जेजुरीला कशाला यायचं? पंच्याऐंशीची लेन्स एफ १.४ ला उघडून, माणसाला अगदी जवळ घेऊन, मागचा गड पिवळ्या-राखाडी लापशीत बुडवता येतो, सहज येतो. त्या फोटोत जेजुरी काय आणि पार्किंग काय, फरक राहत नाही. मी पन्नासवरच थांबते आणि कधीकधी पस्तीसवर जाते त्याचं कारण हेच. दीपमाळ पुसट व्हावी पण दीपमाळच राहावी. कमानीचा गोल कमानीचाच राहावा. ज्याला हा गड ठाऊक आहे त्याला पुसट दिसल्यावरही कुठल्या कमानीखाली आपण उभे होतो ते कळावं. मागे किती पुसट हवं हे मी अ‍ॅपर्चरनं ठरवत नाही, ते उघडंच असतं. मी माणसाला दोन पायऱ्या पुढे किंवा मागे घेते.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड हे करू शकत नाही. मोबाइलवर एफ १.८ लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण त्याची लेन्स इतकी छोटी की भोक जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. आपल्या बाहुलीएवढंच, त्यामुळे त्यातून सगळंच शार्प दिसतं, आणि मग मागचा भाग प्रोग्रॅम पुसून टाकतो. साध्या चेहऱ्याला ते आता चांगलं जमू लागलंय. पण हवेतला भंडारा पुढचा की मागचा हे त्याला ठरवता येत नाही. नथीचे मोती अर्धे ठेवतो, अर्धे पुसतो. मुंडावळ्यांची एक सर गायब करतो. खऱ्या काचेला ठरवावं लागत नाही, प्रत्येक कण जिथे आहे तिथल्या अंतराप्रमाणे आपोआप पुसट होतो.

उघड्या लेन्सचे दोषही उन्हातच सगळ्यात जास्त दिसतात, ते लपवण्यात अर्थ नाही. चमकणाऱ्या कडांना जांभळी झालर येते. फोकसच्या जरा पुढे जांभळट, जरा मागे हिरवट, कारण वेगवेगळ्या रंगांचे किरण लेन्स एकाच पातळीवर आणू शकत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या, शालूची जर, पूजेचं पितळी ताट, सगळीकडे ती झालर. नव्या महागड्या लेन्समध्ये ती जवळजवळ जाते. माझी जुनी आहे, तिच्यात येते, आणि मी ती नंतर थोडी कमी करते, पूर्ण काढत नाही. पांढऱ्या फेट्याभोवती जो मंद उजेड पसरतो तोही तिच्या जुन्या बांधणीचाच. पिवळ्या रंगाला मात्र सांभाळावं लागतं. भंडाऱ्यात लाल आणि हिरवा हे दोन रंग लवकर भरून जातात, निळा जवळजवळ रिकामाच. कॅमेऱ्याचा साधा आलेख सगळं ठीक सांगत असतो आणि भंडारा तोवर सपाट पिवळा कागद झालेला असतो. म्हणून मी तीनही रंगांचे आलेख वेगळे बघते आणि फोटो थोडा अंडर, म्हणजे गडदच ठेवते.

आणि डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात त्याचं काय? मे महिन्याच्या मध्यावर पुण्याच्या अक्षांशावर सूर्य दुपारी अगदी माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच राहते, आणि लग्नसराई तर तेव्हा ऐन भरात. इतरत्र ही अडचणच आहे. जेजुरीत तिच्यावर उपाय पायाखालीच पसरलेला असतो. पायऱ्यांवर, अंगणात भंडाऱ्याचा थर असतो. त्यावरून ऊन परतून हनुवटीखाली, भुवयांखाली चढतं, पिवळं आणि मऊ. देवळापुढच्या मोठ्या पितळी कासवाशेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून जो उजेड येतो तो मला कुठल्याही स्टुडिओत मिळालेला नाही. माझा मदतनीस सुरुवातीला रिफ्लेक्टर घेऊन यायचा. आता तो पिशवीतून पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या आणतो, त्यांची गरज खरी असते.

येत्या माघात एक लग्न घेतलं आहे. मुलाच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, त्याला उचलायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. घरात त्यावरून बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं प्रथेपुरतं नुसतं टेकवल्यासारखं करा, कुणी म्हणालं भावानं मागून हात द्यावा. शेवटी मुलीनंच सांगितलं की आम्ही दोघं हात धरून पाचही पायऱ्या बरोबर चढू. हे कळल्यापासून मी गणित मांडतेय. एका पायरीवर शेजारी शेजारी उभे असलेले दोघं म्हणजे दोन्ही चेहरे एकाच अंतरावर. साडेसात सेंटिमीटरांत दोघंही बसतात, तेही एफ १.४ वर. अट एवढीच की मी त्यांच्या बरोबर समोर हवी, जराही तिरकी नको, आणि अंतर दीड मीटरच राहायला हवं. म्हणजे त्यांच्यापुढे मला उलटं चालत पायऱ्या चढाव्या लागतील. मदतनीसाला सांगून ठेवलंय, तो मागून माझा खांदा धरेल आणि पायऱ्या मोजेल.